अकोल्याची नऊ मतं

पुढचं संमेलन पनवेलला होणार, असं केतकी राजूरकरनं व्यासपीठावरून वाचून दाखवलं तेव्हा सांगलीच्या त्या सभागृहात टाळ्या पडल्या, पण एकाच बाजूने. उजवीकडच्या खुर्च्यांवर पनवेलची मंडळी उठून एकमेकांचे हात हातात घेत होती. डावीकडे वऱ्हाडातले लोक बसले होते. ते समोरच्या पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा वाचत होते. त्यांच्यात पुढच्या रांगेत निरंजन डोंगरदिवे होता. पडदा दिसावा म्हणून त्यानं मान जरा तिरकी धरली होती.

विज्ञानकथा वाचक संघाचं संमेलन दरवर्षी वेगळ्या गावी भरतं. गावं निमंत्रणं देतात आणि सभासद मतदान करतात. यंदा तीन निमंत्रणं होती. पनवेलला नव्या विमानतळाजवळचं वातानुकूलित प्रदर्शनगृह होतं. लोणारला उल्काविवराच्या काठावर तंबू, दुर्बिणी आणि काळंभोर आकाश होतं. अमरावतीला एक जुनं, मोठं महाविद्यालय होतं, आणि निरंजन होता. सलग तिसऱ्या वर्षी त्यानं निमंत्रण दिलं होतं. संघाचं त्रैमासिक तो पंचवीस वर्षं चालवत होता आणि स्वतःच्या गावी एकदा संमेलन व्हावं एवढंच त्याचं मागणं होतं. अमरावती येणार, असंच सगळे धरून चालले होते.

मतदान पसंतीक्रमाचं. आवडत्या गावापुढे एक, त्यानंतरच्यापुढे दोन, मग तीन. पहिल्या पसंतीची मतं मोजायची. निम्म्याहून जास्त कुणालाच मिळाली नाहीत, तर सर्वांत मागचं गाव बाद करायचं आणि त्याची मतं त्या-त्या मतदाराच्या दुसऱ्या पसंतीकडे वळवायची. पडद्यावर आकडे होते: पनवेल एकशे बावन्न, लोणार एकशे एक्केचाळीस, अमरावती एकशे तेहतीस. अमरावती बाद झाली. तिची मतं वाटली गेली, त्यातली जास्त पनवेलला गेली, आणि पनवेल जिंकलं.

निरंजन उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, "केतकी, माझी हरकत नोंदव. उद्या सकाळी सुनावणी घे."

नियमानं त्याला तो हक्क होता. तिनं हरकत नोंदवली.

केतकी काही निवडणुकांतली जाणकार नव्हती. अकोल्यात तिचं चष्म्याचं दुकान होतं. निवडणूक अधिकारी म्हणून ठरलेले गृहस्थ मतदान सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात मुलीकडे परदेशी निघून गेले, आणि ‘केतकीताई कुणाच्या बाजूच्या नाहीत’ असं सगळ्यांचं एकमत झाल्यानं काम तिच्या गळ्यात पडलं. अधिकाऱ्याला प्रचाराला बंदी होती. मत देता येत होतं, आणि तिनं ते दिलं होतं.

निरंजन आणि ती कॉलेजपासूनचे मित्र. दोघांनी मिळून पहिलं संमेलन पाहिलं, तेव्हा दोघं विशीत होते. त्याच्या बाबतीत तिला एक गोष्ट माहीत होती, जी त्याच्या बायकोखेरीज कुणालाच माहीत नव्हती. त्याच्या डोळ्यांतला पडदा कडेकडेनं मरत चालला होता. नजरेचं वर्तुळ दर वर्षी आक्रसत होतं. त्या रोगावर जनुकोपचार निघाले होते, पण ज्या जनुकांतल्या दोषांवर ते चालत, त्यांत निरंजनचं जनुक नव्हतं. दर तीन महिन्यांनी तो तिच्या दुकानात येऊन तपासून घेई. आणखी दोन वर्षं, फार तर तीन, असं डॉक्टर म्हणाले होते. अमरावतीची घाई त्यासाठी होती. आपल्या अंगणात जमलेले लोक त्याला डोळ्यांनी बघायचे होते.

सुनावणीच्या सकाळी निम्मं संमेलन चर्चासत्रं सोडून त्या छोट्या खोलीत आलं. टेबलावर ‘पेटी’ होती. तिचं अधिकृत नाव बरंच लांबलचक होतं, पण सगळे पेटीच म्हणत. चार वर्षांपूर्वी हातमोजणीवरून संघ फुटायच्या बेताला आला, तेव्हा वर्गणी काढून ती घेतली होती. प्रत्येकाचं मत तिच्यात कुलूपबंद अवस्थेत जाई आणि कुलूपबंदच राही. गणिताच्या एका युक्तीमुळे पेटीला कुलूप न उघडता आतल्या मतांची बेरीज करता येई. बंद पाकिटं नुसती एकावर एक रचून आतल्या नोटांची रक्कम अचूक सांगावी, तसा प्रकार. कुणी कुणाला मत दिलं हे ती बनवणाऱ्यांनाही कळत नसे. बेरजेबरोबर ती बरोबर असल्याचा पुरावाही ती देई, आणि तो कुणालाही घरी बसून तपासता येई.

एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण बनवणाऱ्यांनी तिच्यात आणखी एक सोय ठेवली होती. तिला ‘जर-तर’ म्हणत. मतदान असं झालं असतं तर काय, तसं झालं असतं तर काय, हे पेटीला विचारता येई, आणि तीही उत्तरं पुराव्यासकट मिळत. प्रत्येक प्रश्नाला निवडणूक अधिकाऱ्याची किल्ली लागे. पाचाहून कमी लोकांच्या गटाबद्दल पेटी उत्तरच देत नसे. गुप्ततेसाठी एवढं पुरेसं आहे असा सर्वांचा समज होता. केतकीचाही होता.

निरंजननं पहिला प्रश्न विचारला. फक्त अमरावती आणि पनवेल अशा दोघांतच निवड असती तर? केतकीनं किल्ली फिरवली. उत्तर आलं: अमरावती, भरपूर मतांनी. मग फक्त अमरावती आणि लोणार? पुन्हा अमरावती.

खोलीत कुजबुज वाढली. निरंजन म्हणाला, "म्हणजे समोरासमोर मी दोघांनाही हरवतो. आणि तरी सगळ्यात आधी बाद मीच होतो."

पनवेलकडून शाल्मली कर्णिक बोलायला उठली. पस्तिशीची, समारंभ भरवण्याचा व्यवसाय असलेली हुशार बाई. अमरावती बहुतेकांना चालली असती, पण पहिली आवड ती फार थोड्यांची होती, आणि ज्या नियमानं आपण गेली दहा वर्षं गावं निवडली त्यात पहिल्या आवडीला वजन आहे, असं तिनं शांतपणे मांडलं. नियम चुकीचा वाटत असेल तर पुढच्या वर्षासाठी बदलावा. झालेला सामना नव्या नियमानं पुन्हा मोजू नये. तिचं म्हणणं केतकीला पटलं. निरंजनचंही पटलं होतं. अडचण तीच होती.

मग निरंजननं विचारलं, लोणार आधी बाद झालं असतं तर? उत्तर आलं: अमरावती जिंकली असती. लोणारवाल्यांची दुसरी पसंती बहुतेक अमरावतीलाच होती. म्हणजे सगळा खेळ लोणार आणि अमरावती यांच्यातल्या आठ मतांच्या अंतरावर अडला होता. लोणारला पहिली पसंती देणारे नऊ लोक त्या दिवशी मतदानच विसरले असते, तर लोणार बाद झालं असतं आणि त्यांची दुसऱ्या क्रमांकाची अमरावती जिंकली असती. त्यांनी मत दिलं, म्हणून त्यांच्या यादीतलं शेवटचं गाव जिंकलं.

हे कळायला लोकांना थोडा वेळ लागला. कळल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, की नऊ माणसं तर अकोल्याचीच आहेत.

निरंजन मागे वळला. अकोल्याचे नऊ सभासद म्हणजे त्याच्या घरातले असल्यासारखे. केतकी, पठाण सर, आणि दर रविवारी तिच्या दुकानात चहाला जमणारी मंडळी. तो जरा दुखावल्या आवाजात म्हणाला, "अकोला माझ्या बाजूचं आहे. विचारून टाका पेटीला, म्हणजे हा विषय संपेल. केतकी, अकोल्याच्या नऊ जणांनी मतदान केलंच नसतं तर काय झालं असतं, हे विचार."

केतकीनं नियमावली पाहिली. गट पाचाहून मोठा होता. नऊ माणसांत कुणाचं मत काय हे कुणाला कसं कळणार, असं तिच्या मनात आलं. नाही म्हणायला तिच्याजवळ एकच कारण होतं, आणि ते खाजगी होतं. त्या कारणासाठी नकार देणं तिला अप्रामाणिकपणाचं वाटलं. तिनं किल्ली फिरवली.

पेटीनं उत्तर दिलं: अमरावती.

निरंजन हिशेबात पहिल्यापासून तल्लख. एकशे एक्केचाळिसांतून कमीत कमी नऊ गेले तरच लोणार एकशे तेहतिसांच्या खाली उतरतं. अकोल्याची माणसं नऊच. म्हणजे नवांनीही लोणारलाच पहिली पसंती दिली असली पाहिजे, एकही इकडेतिकडे नाही. पेटीनं एकही पाकीट उघडलं नव्हतं, आणि नऊच्या नऊ पाकिटं उघडी पडली होती. केतकीला हे उमगलं तेव्हा निरंजन तिच्याकडेच बघत होता, मान तिरकी न करता, अगदी सरळ.

त्याच्या शेजारची माणसं मोबाइलवर तोच हिशेब करू लागली होती. केतकीनं सुनावणी तहकूब केली आणि किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

अकोल्याला परतल्यावर रविवारचा चहा झाला नाही. कुणी तब्येतीचं कारण सांगितलं, कुणी पाहुण्यांचं. खरी गोष्ट अशी होती, की नवांतल्या प्रत्येकाला वाटलं होतं, अमरावती तर येणारच आहे, मग लोणारलाही चार मतं पडू देत, तेवढाच त्या लोकांना हुरूप. कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं. चहा पिता पिता विवराच्या गप्पा मात्र झाल्या होत्या, केतकी अधिकारी होण्याच्या पुष्कळ आधी, आणि सगळ्यात रंगून ती स्वतःच बोलली होती. वडिलांबरोबर लहानपणी विवराच्या काठावर काढलेली रात्र तिनं सांगितली होती.

पठाण सरांचा फोन आला. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं होतं. ते म्हणाले, "केतकीताई, माझं मत चारचौघांत उघडं पडलं, त्याचं मला काही नाही. पण मी मत दिलं म्हणून निरंजन हरला, हे मला कळायला नको होतं. आता पुढल्या वेळी मी काय लिहू?"

पेटीच्या त्या सोयीचं खरं स्वरूप तिला आता समजत होतं. वर्गाची सरासरी सांगितली तर कुणा एकाचे गुण कळत नाहीत. पण एका मुलाला वगळून पुन्हा सरासरी सांगितली, की त्याचे गुण कळतातच. प्रत्येक उत्तर थोडं थोडं झिरपत असतं. कुठल्या उत्तरानं गुपित पुरतं बाहेर पडेल, हे ते मिळाल्यावरच समजतं.

निरंजन त्याच आठवड्यात दुकानात आला. दुपारची वेळ होती, बायको त्याला सोडून बाजारात गेली होती. तो नेहमीसारखा आतल्या खोलीत जाऊन तपासणीच्या यंत्रापुढे बसला, हनुवटी टेकवली, बटण हातात घेतलं. केतकीनं दिवा मालवला. पांढऱ्या गोलार्धात इकडेतिकडे प्रकाशाचे ठिपके उमटतात, ठिपका दिसला की बटण दाबायचं. कडेचे ठिपके येऊन जात होते आणि खोलीत काहीच आवाज होत नव्हता. मधले आले की बटण वाजे. मागच्या वेळेपेक्षा कमी वाजलं.

दोन्ही डोळे तपासून झाल्यावर दिवा लावायच्या आत तो म्हणाला, "माझ्या डोळ्यांचं तुला माहीत होतं."

"हो."

"तरी?"

"मतपत्रिकेवर विचारलं होतं, कुठं जायला आवडेल. मी खरं ते लिहिलं. दुसरा क्रमांक तुला दिला होता." ती म्हणाली, "आणि तू जिंकणार असं धरून चालले होते, हेही खरं."

त्यानं बटण बाजूला ठेवलं. मग तो कामाचं बोलला. संघाच्या घटनेत कलम होतं, मताची गुप्तता भंगली तर निवडणूक रद्द करून फेरमतदान घ्यावं. अकोल्याची गुप्तता भंगली होती, आणि ती अधिकाऱ्याच्या किल्लीनं भंगली होती. याहून स्वच्छ कारण दुसरं मिळणार नव्हतं. फेरमतदान झालं तर काय होईल हे दोघांनाही ठाऊक होतं. अकोल्याच्या नऊ माणसांनी आता अमरावतीखेरीज दुसरं काही लिहिणं शक्य नव्हतं.

"मी तुला काही चुकीचं करायला सांगत नाही," तो म्हणाला. "कलम आहे. ते वाच आणि लिही."

तिनं कलम त्याच्या आधीच वाचलं होतं, अनेकदा. भंग कधी झाला तर, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. मतदानाच्या आधी की नंतर, हे ठरवायचं काम अधिकाऱ्यावर सोडलेलं होतं. रद्द असं लिहिलं असतं तर संघात फारशी कुणी तक्रार केली नसती. शाल्मलीनंसुद्धा खांदे उडवून फेरमतदानाची तयारी केली असती. आणि निरंजनला त्याचं संमेलन दिसलं असतं.

तो गेल्यावर तिनं दुकानात आलेल्या एका कॉलेजच्या मुलीला फ्रेम दाखवल्या, एका आजोबांच्या चष्म्याची दांडी बसवून दिली. मग निर्णय लिहायला घेतला. गुप्तता यासाठी असते, की मत देताना कुणाची भीती किंवा भीड वाटू नये. ही मतं दिली गेली तेव्हा ती कुणालाच माहीत नव्हती, म्हणून ती भीड न धरता दिलेली आहेत. फेरमतदान घेतलं तर मात्र नऊ माणसं भिडेपोटी मत देतील, आणि त्या नवांत अधिकारी स्वतः आहे. सबब निकाल कायम. याखेरीज तिनं लिहिलं, की अकोल्याचा प्रश्न पेटीला विचारू देणं ही अधिकाऱ्याची चूक होती, जर-तरची किल्ली ती परत करत आहे, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेनंतर ती हे पद सोडेल. आपली पहिली पसंती लोणारला होती हेही तिनं लिहून टाकलं. बाकीच्या आठांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

पत्र पाठवून ती घरी गेली. निरंजनचा फोन आला नाही. तीन महिन्यांनी तो तपासणीलाही आला नाही. त्यानं अमरावतीतच दुसरं कुणीतरी पाहिलं, असं त्याच्या बायकोनं कळवलं. निर्णय बरोबर होता का, असा प्रश्न केतकीला बऱ्याचदा पडे. बरोबर होता, असंच दर वेळी वाटे, आणि त्यानं जराही बरं वाटत नसे.

संघात त्या वर्षभर निराळंच चाललं. पुढच्या निवडणुकीसाठी चार गावं उभी होती आणि प्रत्येक गावानं जुन्या जर-तरच्या उत्तरांवरून आपापले आडाखे बांधले होते. पूर्वी लोक फोन करून मत मागत. आता मत न देण्याची विनंती करणारे फोन येऊ लागले. तुम्हाला आमचं गाव दुसऱ्या क्रमांकावर आवडतं ना, मग यंदा घरीच बसा, त्यात आमचं भलं आहे. हे गणितानं बरोबरही असे. कुणी आवडतं गाव मुद्दाम शेवटी टाकलं, एका जोडप्यानं एकमेकांना पत्रिका दाखवूनच मत द्यायचं ठरवलं आणि त्यावरून त्यांच्यात अबोला झाला. पठाण सरांनी पत्रिका मागवलीच नाही. ज्यांनी मागवल्या त्यांच्यातल्या कितीजणांनी खरं लिहिलं, हे पेटीलाही सांगता आलं नसतं.

पनवेलचं संमेलन चांगलं झालं. शाल्मलीनं कशातही कसूर ठेवली नाही. शेवटच्या दिवशी सर्वसाधारण सभा होती आणि ठराव तिनंच मांडला होता: पेटीनं फक्त मोजणी करावी, जर-तर कायमचं बंद करावं, आणि आधीची मतं पुसून टाकावीत. ज्या गावाला त्या उत्तरांनी धक्कासुद्धा लागला नव्हता, त्या गावानं ठराव मांडावा याचं काहींना नवल वाटलं. विरोधही जोरदार होता. जे कळू शकतं ते कळू नये असं विज्ञानकथा वाचणाऱ्यांनीच म्हणायचं का, असं एक तरुण सभासद तळमळीनं बोलला, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य होतं.

मग निरंजननं बोलायची परवानगी मागितली. तो आला आहे हे केतकीला सकाळीच दिसलं होतं. बायकोच्या दंडाला धरून तो चालत होता. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि त्यानं ते लपवलंही नव्हतं. तो विरोधात बोलणार, असं सभागृह धरून चाललं होतं. पेटीचा सगळ्यात जास्त उपयोग त्यानंच केला होता.

"पेटीनं मला एकदाही खोटं सांगितलं नाही," तो म्हणाला. "मी विचारलं आणि तिनं सांगितलं. अकोल्याच्या रविवारच्या चहाला मी महिन्यातून एकदा तरी जायचो. आता वर्ष झालं, गेलो नाही. त्या लोकांनी माझं काही वाईट केलेलं नाही, हे मला तेव्हाही समजत होतं. तरी गेलो नाही. माझा ठरावाला पाठिंबा आहे." आणि तो बसला.

घटनेतल्या तरतुदीनुसार मतदान हात वर करून होतं. अधिकारी म्हणून केतकीचं ते शेवटचं काम. ठरावाच्या बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करावेत, असं तिनं माइकवरून सांगितलं आणि रांगेरांगेनं मोजत मागपर्यंत गेली. पठाण सरांचा हात वर होता. निरंजनचा होता. मग विरोधातले हात मोजले. पुढे येऊन तिनं दोन्ही आकडे वाचले आणि ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या, लोक खुर्च्या सरकवत उठले, जेवणाकडे निघाले.

निरंजनची बायको पाणी आणायला बाहेर गेली होती. तो जागेवरच होता, आणि त्याचा हात अजून वर होता. दिवे मंद होते, भोवती गलबला होता. आपलं मत मोजलं गेलं की नाही हे त्याला कळलेलं दिसत नव्हतं.

केतकी व्यासपीठावरून उतरून त्याच्याजवळ गेली. तिनं त्याचा हात धरून हळूच खाली घेतला.

"मोजला रे," ती म्हणाली.

"केतकी का?" त्यानं विचारलं. आणि हात सोडवून न घेता म्हणाला, "चल, जेवायला कुठल्या बाजूनं जायचं ते सांग."